खुनी सापडले, वाटसरू हरवले : भोपाळच्या वाटांवरचे ठग

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून झाले. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. खुनी कोण, ते आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. त्याला 'जॅक द रिपर' हे नाव मिळालं, ते वर्तमानपत्रांकडे गेलेल्या एका पत्रावरून. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले न उलगडलेले खून म्हटलं की सगळ्यांना हेच प्रकरण आठवतं.

आपल्या भागात त्याच्या अगदी उलट घडलंय. सागर, भेलसा, सिरोंज, भोपाळ, नरसिंहपूर या टापूतल्या वाटांवर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत कितीतरी माणसं मारली गेली. मारणाऱ्यांची नावं आपल्याकडे आहेत. त्यांच्या बापांची, आज्यांची, भावकीची नावं आहेत. कोणत्या टोळीत कोण जमादार होता, फास कुणी टाकला, पाय कुणी धरले, तेही लिहून ठेवलेलं आहे. मेलेल्यांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. तिकडे खुनी अज्ञात, इकडे मेलेला अज्ञात. म्हणून ठगांचं प्रकरण स्लीमनने 'उलगडलं' असं जे म्हणतात, ते मला अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं तसंच का राहिलं, त्याबद्दल हा लेख आहे.

भोपाळच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण १७३७ ची बाजीरावाची लढाई आणि बेगमांचं राज्य यांवर तासन्‌तास बोलतो. वाटेने चालणाऱ्या माणसावर कुणी बोलत नाही. माझी नोकरीची बरीच वर्षं रस्त्यांच्या कामात गेल्यामुळे असेल, मला आधी वाट दिसते.

तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १८१८ नंतर भोपाळ संस्थान कंपनीशी तहाने बांधलेलं, आणि कंपनीचा पोलिटिकल एजंट सिहोरला बसलेला. भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, शिंद्यांकडे. त्याच्या उत्तरेला सिरोंज टोंकच्या नवाबाकडे. सागर, जबलपूर आणि नर्मदेचं खोरं थेट कंपनीचं. पश्चिमेला होळकर. भोपाळहून सागर साधारण एकशे दहा मैल, पायी चालणाऱ्याच्या दहा-अकरा मजला. तेवढ्या चालीत वाटसरू तीन-चार सत्तांच्या हद्दी ओलांडायचा. त्याचा गळा एका राज्यात आवळला जायचा, मुडदा दुसऱ्याच्या सीमेवर पुरला जायचा, घोडा तिसऱ्याच्या बाजारात विकला जायचा, आणि मारणारा पावसाळ्यात चौथ्याच्या गावात शेती करायचा. तक्रार करायची कुणाकडे? आणि कुणी करायची? दसऱ्याला निघालेला माणूस ज्येष्ठापर्यंत आला नाही तरी घरचे म्हणत, काशीला राहिला असेल, आजारी पडला असेल, कुठे चाकरीला लागला असेल. काळजीने व्याकूळ होईपर्यंत वर्ष उलटून जायचं. तोवर वाटेवरच्या कुणाला त्याचा चेहरा आठवणार?

ठगांची रीत थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. टोळी व्यापाऱ्यांच्या किंवा यात्रेकरूंच्या वेषात चालायची. गोड बोलून वाटसरूला आपल्या सोबतीत ओढणारा तो सोथा. चार-दोन मजला एकत्र जेवण, गप्पा, चिलीम. मग ठरलेल्या जागी, बहुधा पहाटेच्या अंधारात किंवा मुक्कामावर, ठरलेला शब्द उच्चारला की मागे बसलेले रुमालाने गळा आवळायचे. खड्डा आधीच खणून ठेवलेला असे. ताजी माती दिसू नये म्हणून तिच्यावरच चुली मांडून स्वयंपाक करत. रक्त नाही, आरडाओरडा नाही, प्रेत नाही. दक्षिणेत यांना फांसीगर म्हणत. टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि देवीला मानणं दोघांतही होतं. पण हे सगळं देवीसाठी चालायचं, ही इंग्रजी कादंबऱ्यांनी रंगवलेली बाजू आहे. धंदा लुटीचा होता. रिपरशी त्यांची तुलना तेवढ्यापुरती लंगडी आहे, हे मान्य.

खुनाच्या नेमक्या जागेला त्यांच्या बोलीत 'बेल' म्हणत. या बोलीचा कोशच विल्यम हेन्री स्लीमनने १८३६ मध्ये कलकत्त्याहून छापला, 'रामासीआना' नावाने. मला त्यातला सगळ्यांत बोचणारा शब्द 'बनिज' हा आहे. बनिज म्हणजे व्यापाराचा माल. ठगांच्या बोलीत मात्र बनिज म्हणजे वाटसरू, आणि माल लादणं म्हणजे त्याला ठार करणं. म्हणजे मरण्याच्या आधीच माणसाचं नाव गळून पडलेलं असायचं. पुढे सरकारी कागदांतही ते परत आलं नाही.

स्लीमन १८२२ ते १८२४ मध्ये नरसिंहपूर जिल्ह्याचा अधिकारी होता. जिल्ह्यातली साधी चोरीसुद्धा आपल्याला कळते असा त्याचा समज. पुढे त्याला कळलं, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती. आणि एका मजलेवर, सागर-भोपाळच्या वाटेवरच्या मंडेसर गावच्या आमराया म्हणजे देशातल्या मोठ्या बेलांपैकी एक होत्या. त्याने हे स्वतःच लिहून ठेवलंय. कंदेली आज नरसिंहपूर शहरातच आहे. भोपाळचा उल्लेख या वाक्यात येतो म्हणून आपल्याला तो जवळचा, पण मला त्यातला आमराईचा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. आमराई पुण्यासाठी लावलेली असायची. सावली, विहीर, मऊ माती. वाटसरूला थांबायला जी जागा सोयीची, तीच खड्डा खणायलाही सोयीची.

दुसरा किस्सा फिरंगियाचा. हा ठगांचा नामांकित जमादार, ब्राह्मण घराण्यातला. पकडला गेल्यावर माफीचा साक्षीदार झाला. सागर भागातल्या सलोदा गावच्या आमराईत स्लीमनचा तंबू लागला होता, बरोबर बायकोही होती. फिरंगियाने तिथल्या तिथे तीन जागा दाखवल्या. एका जागी १८१८ मध्ये मारलेला एक पंडित आणि त्याचे सहा सेवक. दुसऱ्या जागी १८२४ मध्ये मारलेला एक हवालदार आणि चार शिपाई. तिसऱ्या जागी त्यानंतर लवकरच मारलेले गंगेची कावड नेणारे चार ब्राह्मण आणि एक बाई. खणलं, तर सांगाडे निघाले. स्लीमनचा त्या माणसावर विश्वास बसला तो इथे.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. पंडित, सेवक, हवालदार, शिपाई, ब्राह्मण, बाई. एकूण सतरा माणसं. साल आहे, संख्या आहे, जात आहे, हुद्दा आहे. नाव एकाचंही नाही. साक्ष देणाऱ्याचं नाव मात्र पुढे इंग्लंडपर्यंत पोचलं. शिवाय ठगांच्या स्वतःच्या रिवाजात बायका आणि भरली कावड नेणारे वर्ज्य मानलेले होते, हे त्याच साक्षींमधून कळतं. तिसऱ्या खड्ड्यात दोन्ही होते. रिवाज साक्षीदारांनी सांगितला तसाच पाळला जायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खड्डा लक्षात ठेवावा.

कावडीवरून गोडसे भटजींची आठवण येणारच. वरसईचे विष्णुभट १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. म्हणून 'माझा प्रवास' लिहिला गेला आणि म्हणून आपल्याला ते ठाऊक आहेत. सलोद्याचे चौघे त्यांच्याआधी तीस वर्षं तसंच पाणी नेत होते.

मग कुणाचीच नावं नाहीत का? तसं नाही. मेलेल्याच्या मागे एखादी संस्था असेल तर काहीतरी शिल्लक राहतं. शिपायाच्या मागे पलटणीची हजेरी असे. रजेवर पगार घेऊन गेलेले शिपाई परत येईनात, तेव्हा १८१० मध्येच जनरल सेंट लेजर याने हुकूम काढून ताकीद दिली होती, की रात्री प्रवास करू नका, अनोळखी माणसांची सोबत धरू नका आणि रोकड अंगावर नेण्याऐवजी हुंडीने पाठवा. व्हिक्टोरिया तेव्हा जन्मलीही नव्हती. म्हणजे स्लीमनने काही एकाएकी शोध लावला नव्हता. पण हजेरीपटावर 'रजेवरून आला नाही' याचा अर्थ बहुतेकदा 'पळाला' असाच लावला जायचा. मेलेला माणूस कागदावर फरारी ठरायचा.

दुसरी संस्था सावकाराची पेढी. माळव्यात अफूचा व्यापार मोठा, त्यासाठी मुंबई-इंदूरकडून रोकड आणि सोनं माणसांच्या अंगावरून यायचं. वाहक गरिबाच्या वेषात चालायचे, ठगांना ते अचूक ओळखू यायचे. धुळे-मालेगावच्या प्रकरणासारख्या मोठ्या लुटी खानदेशात १८२० च्या दशकाच्या शेवटी झाल्या. अमरावतीचे सावकार धनराज शेठ यांचा पैसा गेला, तेव्हा त्यांनी स्वतःचे गुमास्ते ठगांच्या मागे लावले. पैसे वसूल करण्यासाठी पकडलेल्या ठगांशी सौदे झाले, काहींना सोडवलंही गेलं, अशी स्लीमनची तक्रार होती. सावकाराला शिव्या देणं सोपं आहे. पण बघा, त्या काळात ठगांचा माग काढायला स्वतःहून उठलेल्यांत एक पेढी होती, आणि तिचा माग रुपयांचा होता. किती रुपये गेले ते वहीत होतं. ते उचलून नेणाऱ्यांच्या घरी काय कळवलं गेलं, हे वहीचं काम नव्हतं.

आता आकड्यांकडे येतो. इथे माझ्यातला इंजिनियर अस्वस्थ होतो. इंटरनेटवर कुठेही जा, बेहराम नावाच्या ठगाने ९३१ खून केले असं वाचायला मिळतं. विक्रमांच्या पुस्तकातही तो आकडा गेला. हा जबाब लखनौला कॅप्टन जेम्स पेटनने १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात घेतलेला. चाळीस वर्षांत ९३१ म्हणजे वर्षाला तेवीस. पण त्याच बेहरामचं पेटनच्याच कागदांत दुसरं सांगणं आहे : आपल्या हाताने सुमारे १२५, आणि आपल्यासमोर मारले गेलेले आणखी दीडशे. ९३१ हा आकडा 'मी त्या टोळीत हजर होतो' असा आहे, 'मी मारले' असा नाही.

यातून केवढी गफलत होते ते पाहा. समजा वीस जणांच्या टोळीने एका हंगामात दहा वाटसरू मारले. प्रत्येकाला वेगळं विचारलं, तर प्रत्येक जण खरंच सांगेल की मी दहा खुनांना हजर होतो. बेरीज दोनशे. खड्ड्यात माणसं दहाच. पेटनने वीस ठगांचे असे जबाब जमवले, त्यांची बेरीज पाच हजारांवर गेली, आणि पुढे विश्वकोशात ते 'वीस जणांच्या एका टोळीने ५२०० खून केले' असं होऊन बसलं. हे वीसही जण कायम एकत्र असते तर मेलेले साधारण २६०. एकमेकांना कधी भेटलेच नसते तर ५२००. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. याच्यापुढे जाऊन स्लीमनच्या नातवाने १९३३ मध्ये पुस्तकाच्या नावातच दहा लाख खून लिहिले. अलीकडे माइक डॅशने पन्नास हजारांच्या आसपासचा अंदाज केला. मला यातला एकही आकडा भोपाळच्या वाटांना लावावासा वाटत नाही. मेलेल्यांची नावं असती, तर मोजणी नावांवरून झाली असती आणि एक माणूस वीस वेळा मोजला गेला नसता. नावं नाहीत, म्हणून आकडे एवढे फुगले.

पेटनने एक काम मात्र नीट केलं. त्याने अवध राज्यातले बेल नकाशावर मांडले : १४०१ मैलांच्या वाटांवर २७४. म्हणजे सरासरी पाच मैलांना एक जागा. इथे मोजलंय ते ठिकाण, आठवण नव्हे. ठिकाण खणून पाहता येतं. असा नकाशा हातात असला की वाटेचा अभ्यास करता येतो.

मग नावं नोंदवावीत असं कंपनीच्या सरकारला का वाटलं नाही? याचं उत्तर मला कायद्यात सापडतं. सुरुवातीचे खटले सागर-जबलपूरला चालले, गव्हर्नर जनरलचा एजंट एफ. सी. स्मिथ याच्यापुढे. तेव्हा अमुक ठिकाणी अमुक इतके लोक मारले, असा नेमका आरोप असायचा. साक्षीदार मुख्यतः माफीचे साक्षीदार. त्यांना वेगवेगळं ठेवून जबाब घ्यायचे, मग ताडून पाहायचे, जमेल तिथे खड्डे उघडायचे. दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे एकच मोजमाप दिलं तर त्यावर भरवसा ठेवायचा, ही पद्धत मला परकी नाही. पण आरोपीला वकील नव्हता आणि साक्षीदाराचा जीव साक्षीवर टांगलेला होता, हेही विसरू नये. हिरालाल गुप्त यांनी १९५९ मध्ये याच साक्षींवर शंका घेतली, राधिका सिंघा यांनी कायद्याच्या अंगाने चिकित्सा केली. ठग हा सगळाच इंग्रजांचा बनाव होता, इथपर्यंत काही जण गेले. किम वॅग्नर यांचं म्हणणं मला जास्त पटतं : टोळ्या खऱ्या होत्या, खून खरे होते, पिढीजात धर्मवेड्या मारेकऱ्यांचा देशव्यापी पंथ हे चित्र मात्र साहेबाने रंगवलं. खड्ड्यातली हाडं कुणी साक्षीने बनवलेली नव्हती.

तर १८३६ साली ३० क्रमांकाचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे, कायद्याच्या आधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, जो कुठल्याही ठगांच्या टोळीत होता असं सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. कोणता खून, कुठे, कुणाचा, हे सिद्ध करायची गरजच उरली नाही. टोळीत असणं हाच गुन्हा. कंपनीच्या दृष्टीने हे सोयीचं होतं. चार संस्थानांच्या हद्दीत विखुरलेले खून सिद्ध करत बसायला जन्म गेला असता. पण त्या दिवसापासून मेलेला माणूस खटल्याला लागेनासा झाला. टोळीची वंशावळ लागायची, म्हणून वंशावळी काढल्या गेल्या, छापल्या गेल्या.

पुढच्याच वर्षी, जून १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया गादीवर आली. इकडे त्याच साली कुदसिया बेगमची सत्ता संपून जहांगीर मुहम्मद खान भोपाळचा नवाब झाला. १८३१ ते १८३७ या काळात ३२६६ ठगांचा निकाल लागला होता. ४१२ फाशी, ४८३ माफीचे साक्षीदार, बाकी काळं पाणी आणि तुरुंग. राणीच्या राज्यात ठग हा वाचायचा विषय झाला. मेडोज टेलरची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि राणीने तिचे छापील फर्मे आधीच मागवून वाचले, असं टेलर सांगतो. हाच टेलर निजामाच्या चाकरीत पुढे नळदुर्गला बरीच वर्षं होता. त्याच्याही आधी, सागरला फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबराला पोचल्या होत्या, तिथे कवटीवरून स्वभाव ओळखणाऱ्या मंडळींनी त्या मोजल्या. जबलपूरला ठगांना आणि त्यांच्या मुलांना तंबू-सतरंज्या विणायला बसवलं, त्या जागेला लोक दरीखाना म्हणू लागले. स्लीमनच्या नावाने कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद हे गाव आहे. ठगी आणि दरोडा खातं थेट १९०४ पर्यंत चाललं, मग ते गुप्तवार्ता खात्यात विरघळलं.

१८८० च्या दशकात, म्हणजे लंडनला रिपरचा धुमाकूळ चालला त्याच दशकात, भोपाळला रेल्वे आली आणि आमराईतला मुक्कामच संपत गेला.

आता मुद्द्याचं. ठगी खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते आजवर बहुतेकांनी ठग कोण होते हे शोधण्यासाठी चाळले. आपल्या मंडळाने भोपाळ, सिहोर, आष्टा, रायसेन, भेलसा, सिरोंज एवढ्याच वाटांपुरता उलटा तक्ता करावा, असं मी सुचवतो. पहिला रकाना मेलेल्याचा : नाव असल्यास नाव, नसल्यास हुद्दा, जात, गाव, बरोबरची माणसं, अंगावरच्या वस्तू. मग जागा, मग साल. ठग शेवटच्या रकान्यात. एकाच खुनाचे पाच जबाब असतील तर ते पाचही एकाच ओळीत बसतील आणि आकडा आपोआप खाली येईल.

आणि एक काम घरबसल्या करता येईल. नागपूर, पुणे, वऱ्हाडकडून काशी-प्रयागला गेलेल्यांची नोंद तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत असते. घरच्या कुळवृत्तांतात एखाद्या पूर्वजासमोर 'यात्रेस गेले, परत आले नाहीत' अशी ओळ कितीतरी घरांत सापडते. आपण ती संन्यास किंवा काशीवास म्हणून सोडून देतो. आपल्या घरात अशी ओळ असेल आणि साल १८०० ते १८४० च्या दरम्यानचं असेल, तर नाव, गाव, साल, आणि काशीच्या वहीत जातानाची नोंद आहे की येतानाची, एवढं मंडळाकडे कळवा.